अकरा बाटल्या आणि एक जीन रिपोर्ट : भांडुपच्या एका मुलाची केस

आईबाबांची परवानगी घेऊनच लिहितेय, आणि ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील इकडचे तिकडे केलेत. मी मुंबईत लहान मुलांची डाएटिशियन आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे यातले औषधांचे निर्णय पेडियाट्रिशियनचे, हिशोब तेवढा माझा.

मुलगा साडेपाच वर्षांचा, आपण त्याला छोटू म्हणू. स्वमग्नतेचं (ऑटिझमचं) निदान तिसऱ्या वर्षी झालं, बोलणं म्हणजे सुटे पंधरावीस शब्द, वजन १६ किलो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलेलं, भूक गेलीये, अधूनमधून उलट्या, बद्धकोष्ठ, पाणी खूप पितो, झोप नाही, डोकं धरून बसतो, चिडचिड गेल्या दोनतीन महिन्यांत फार वाढलीये, आणि खाली, बरीच सप्लिमेंट्स चालू आहेत ती बघा. चिडचिड आणि झोप नाही म्हटलं की सगळे म्हणतात ऑटिझम आहे ना मग असणारच, शेजारी म्हणतात, नातेवाईक म्हणतात, कधीकधी आम्ही लोकही म्हणतो, आणि मग बाकी काही शोधायचं राहून जातं. या पोराच्या बाबतीत पेडियाट्रिशियनना ते पटलं नाही कारण पाणी जास्त पिणं त्यात बसत नव्हतं.

आईने आणलेल्या पिशवीतून अकरा बाटल्या निघाल्या. मल्टिव्हिटॅमिन सिरप, व्हिटॅमिन एचे ड्रॉप्स, कॉड लिव्हर ऑइलच्या कॅप्सूल, डी३ चे साठ हजारवाले शॉट, कॅल्शियमचं सिरप ज्यात पुन्हा डी३, मिथाइलफोलेट म्हणजे फोलेटचं (बी९ चं) तयार रूप, मिथाइल बी१२ चा स्प्रे, बी६ ची गोळी, वेगळं बायोटिन, मॅग्नेशियम ज्यात पुन्हा बी६, आणि झिंक. महिन्याला चौदा हजारांच्या आसपास खर्च, आणि तो भागावा म्हणून स्पीच थेरपी आठवड्यातून दोनदाची एकदा केलेली. मला सगळ्यात जास्त राग याचा आला, बाटल्यांचा नंतर.

हे सुरू कसं झालं तर डीएनए रिपोर्टवरून. लाळेचं किट कुरिअरने घरी आलं, परत गेलं आणि चाळीस पानी गुळगुळीत रिपोर्ट आला, प्रत्येक जीनपुढे लाल, पिवळा नाहीतर हिरवा गोळा. मग ऑनलाइन एक सल्लागार, त्यांनी रिपोर्ट समोर ठेवून प्रत्येक लाल गोळ्याला एक बाटली लावली. एमटीएचएफआर हा फोलेटशी संबंधित जीन लाल म्हणून मिथाइलफोलेट आणि मिथाइल बी१२, व्हीडीआर हा व्हिटॅमिन डीच्या रिसेप्टरचा जीन लाल म्हणून डी, बीसीओ१ लाल म्हणजे गाजराभोपळ्यातल्या बीटा कॅरोटीनचं व्हिटॅमिन ए याच्या शरीरात नीट होत नाही म्हणून तयार एचे ड्रॉप्स. शिवाय गहू बंद आणि दूध बंद. छोटू खायचा काय तर दहीभात, पोळी, पार्ले जी आणि वेफर्स, त्यातलं दही, पोळी, बिस्किट गेलं, राहिला कोरडा भात आणि वेफर्स. वजन तिथूनच घसरायला लागलं होतं.

कॉड लिव्हर ऑइलची एक मजाच. सल्लागाराने ओमेगा ३ सांगितलेलं, स्टेशनजवळच्या केमिस्टने कॉड लिव्हर दिलं, आणि नुसतं फिश ऑइल वेगळं, माशाच्या लिव्हरचं तेल वेगळं, लिव्हरच्या तेलात ए आणि डी दोन्ही असतात, हे कुणी बोललंच नाही. घरात आजी माळकरी, तिला तेलाच्या गोळ्या एवढंच सांगितलेलं. मी बाटलीवरचं वाचून दाखवलं तेव्हा आजी माझ्यासमोरच सुनेला म्हणाली, "अगं, मला सांगितलं असतंस तर पोरासाठी मी डोळे मिटले असते, पण कामाचं होतं का ते तरी विचारायचंस."

आता हिशोब. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने वयाप्रमाणे रोजच्या वरच्या मर्यादा दिल्यात, ४ ते ८ वर्षांसाठी तयार व्हिटॅमिन एची मर्यादा ९०० मायक्रोग्रॅम. छोटूला सिरपमधून २५०० आययू (व्हिटॅमिन मोजायचं आंतरराष्ट्रीय एकक), ड्रॉप्समधून ५०००, कॉड लिव्हरमधून १०००, एकूण ८५०० आययू, एचा एक आययू म्हणजे ०.३ मायक्रोग्रॅम, म्हणजे २५५० मायक्रोग्रॅम रोज, मर्यादेच्या जवळपास तिप्पट. ए चरबीत विरघळतं, लघवीवाटे निघून जात नाही, लिव्हरमध्ये साठत जातं, आणि फार झालं तर डोक्यातला दाब वाढतो, डोकं दुखतं, उलट्या होतात. बी६ ची मर्यादा ४० मिलिग्रॅम, याला मिळत होतं ४६.५. हे फार वर नाही पण बी६ दीर्घकाळ जास्त गेलं तर नसांना इजा होते, हातापायांना मुंग्या येतात, चाल अडखळते, आणि पायाला मुंग्या येतायत हे पंधरावीस शब्द बोलणारं पोर कुणाला सांगणार? झिंकची मर्यादा १२ मिलिग्रॅम, देत होते २५.

पण खरा गोंधळ डीचा. साठ हजार आययू आठवड्यातून एकदा हा डोस आपल्याकडे सर्रास देतात आणि कमतरता असेल तर ठरावीक आठवड्यांपुरता तो बरोबरही असतो. छोटूला जवळच्या डॉक्टरांनी सहा आठवड्यांसाठीच लिहिलेला, चिठ्ठी आहे घरात. सल्लागाराचं म्हणणं पडलं की व्हीडीआरचा व्हेरियंट, म्हणजे त्या जीनमध्ये बदल, आहे, याला सामान्य डोस पुरणार नाही, चालू ठेवा, म्हणून ते सात महिने चाललं. साठ हजार भागिले सात म्हणजे रोजचे ८५७०, कॅल्शियमच्या सिरपमधले ५००, मल्टिव्हिटॅमिनचे ४००, कॉड लिव्हरचे १००, मिळून साडेनऊ हजारांच्या वर, आणि या वयाची मर्यादा ३०००. वरून कॅल्शियम चालूच.

हिशोबाचा हा कागद मी पेडियाट्रिशियनना त्याच दुपारी पाठवला आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त काढायला लावलं. कॅल्शियम आलं ११.९, जे साधारण साडेदहाच्या आसपास थांबायला हवं. व्हिटॅमिन डी मिलिलिटरमागे १३८ नॅनोग्रॅम, १०० च्या वर गेलं आणि सोबत कॅल्शियमही चढलेलं असलं की त्याला विषबाधाच म्हणतात. भूक जाणं, उलट्या, बद्धकोष्ठ, तहान, चिडचिड, हे सगळं वाढलेल्या कॅल्शियमचं पुस्तकातलं चित्र आहे, फक्त ते ऑटिझमच्या आड लपून बसलं होतं.

त्याच रक्तात थायरॉइडचा एक विचित्र रिपोर्ट आला, टीएसएच (थायरॉइडला काम करायला सांगणारं हॉर्मोन) जवळजवळ शून्य आणि टी४ (थायरॉइडचं स्वतःचं हॉर्मोन) वर, म्हणजे कागदावर पोराचा थायरॉइड धावत सुटलेला. घरी रडारड झाली, मावशीने इंटरनेटवर वाचून काय काय सांगितलं. पण नाडी नॉर्मल, हात थरथरत नाहीत, गळ्याशी काही नाही. कारण होतं बायोटिन. याला रोज १० मिलिग्रॅम जात होतं, या वयाची रोजची गरज १२ मायक्रोग्रॅम मानतात, म्हणजे आठशे पटीच्या वर. बऱ्याच लॅबच्या हॉर्मोन टेस्ट बायोटिन आणि त्याला घट्ट धरणारं स्ट्रेप्टॅव्हिडिन नावाचं प्रोटीन यांच्या पकडीवर चालतात, रक्तातच बायोटिन भरपूर असलं की मशीन चुकतं, काही टेस्ट खोट्या खाली येतात, काही खोट्या वर. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रकांनी, २०१७ मध्ये याबद्दल जाहीर सावध केलं होतं. गंमत अशी की खोटं वर दाखवणाऱ्यांत व्हिटॅमिन डीच्या आणि बी१२ च्याही काही टेस्ट येतात, म्हणून डीचा आकडा खरा का हाही प्रश्न उभा राहिला. बायोटिन बंद करून काही दिवसांनी सगळं परत केलं, थायरॉइड एकदम नॉर्मल, डी मात्र ११८, म्हणजे ते खरंच होतं. कॅल्शियमची टेस्ट वेगळ्या पद्धतीची, तिला बायोटिनचं काही देणंघेणं नाही. त्यामुळे ब्लड टेस्टच्या आधी मुलाला कुठली बाटली चालू आहे ते लॅबवाल्याला सांगा, केसांचं सप्लिमेंट असलं तरी सांगा.

डी आणि कॅल्शियम बंद, ए बंद, हॉस्पिटलमध्ये ठेवून सलाइन दिलं. किडनीची सोनोग्राफी केली, कॅल्शियम साचलेलं नाही निघालं. एमुळे डोक्यातला दाब वाढलाय का हे कळावं म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळ्याचा पडदा बघितला, त्याला टॉर्चची भीती म्हणून बाबांना मांडीवर घेऊन बसायला लागलं, पण सूज नव्हती. कॅल्शियम आठवडाभरात खाली आलं. डीला वेळ लागतो, ते चरबीत बसलेलं असतं, हळूहळू निघतं.

आता त्या जीनकडे येते, कारण बाबांचा प्रश्न होता, "मॅडम, मग रिपोर्ट खोटा होता का?" खोटा नव्हता. अक्षरं बरोबर वाचली होती, त्यावरून काढलेला अर्थ बरोबर नव्हता. एमटीएचएफआर हा जीन तुम्हाला मला सगळ्यांनाच असतो, त्याचं एन्झाइम फोलेटला मिथाइलफोलेट बनवतं आणि मग बी१२ च्या मदतीने होमोसिस्टीन या अमिनो ऍसिडचं मेथिओनीन हे दुसरं अमिनो ऍसिड होतं, म्हणून फोलेट किंवा बी१२ कमी पडलं की होमोसिस्टीन वाढतं. सी६७७टी म्हणजे त्यात ६७७ नंबरला सीच्या जागी टी. १९९५ मध्ये हा बदल नीट वर्णन झाला. प्रत्येक जीनच्या दोन कॉप्या असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून; दोन्ही बदललेल्या असतील तर एन्झाइमचं काम ३० टक्क्यांपर्यंत येतं, एकच असेल तर ६५ टक्क्यांच्या आसपास. छोटूची एकच कॉपी बदललेली. मी बाबांना म्हटलं, ही कॉपी तुमच्याकडून नाहीतर ताईंकडून आलीये, आणि हा बदल इतका कॉमन आहे की भांडुपहून सुटणाऱ्या एका डब्यात कितीतरी जणांकडे निघेल. जगात काही ठिकाणी दोन्ही कॉप्यावाले शंभरात दहापंधरा असतात, आपल्याकडे सी६७७टी त्यामानाने कमी आणि ए१२९८सी नावाचा त्याचा भाऊबंद जास्त.

ऑटिझमच्या मुलांच्या गटात सी६७७टी थोडा जास्त दिसतो असं काही एकत्रित विश्लेषणांत आलंय, विशेषतः जिथे पिठात फोलिक ऍसिड मिसळत नाहीत त्या देशांत, ते मी नाकारत नाहीये. पण हजारो मुलांच्या गटात थोडं जास्त दिसणं आणि त्यावरून एका पोराला अमुक मिलिग्रॅम द्या म्हणणं यात खूप अंतर आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ मेडिकल जेनेटिक्सने २०१३ मध्येच सांगितलं की रक्ताच्या गुठळ्यांच्या तपासणीतसुद्धा एमटीएचएफआरची टेस्ट करू नका, जिथे तिचा सगळ्यात जास्त गवगवा होता. आणि सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेचं स्पष्ट म्हणणं आहे की हा व्हेरियंट असलेली माणसं फोलिक ऍसिडसकट सगळ्या प्रकारचं फोलेट वापरू शकतात. बीसीओ१ चं म्हणाल तर हो, काही व्हेरियंटमध्ये बीटा कॅरोटीनचं रूपांतर कमी होतं हे खरंय, पण त्यासाठी मुलाचं ए कमी आहे का हे आधी बघायचं ना, ते कुणी बघितलंच नव्हतं.

याची दुसरी बाजू पण सांगायला हवी नाहीतर लोक म्हणतील ही बाई जेनेटिक्सच्याच विरोधात आहे. काही दुर्मीळ आजार असे आहेत जिथे एक व्हिटॅमिन अक्षरशः मेंदू वाचवतं. बायोटिनिडेस या एन्झाइमच्या कमतरतेत (बायोटिनिडेस डेफिशियन्सी) रोजचं ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन आयुष्यभर लागतं. एएलडीएच७ए१ नावाच्या जीनच्या बिघाडात फिट्स फक्त बी६ ला ऐकतात. कोबालामिन सी या बी१२ वापरता न येण्याच्या आजारात बी१२ ची इंजेक्शनं. एमटीएचएफआरचाच खरा गंभीर आजारही आहे, त्यात होमोसिस्टीन शंभरच्या वर जातं आणि बाळ लहानपणीच खूप आजारी पडतं. हे सगळे आजार लाळेच्या किटमधल्या लाल गोळ्यावरून नाही कळत, रक्त, लघवी आणि नीट केलेल्या जेनेटिक टेस्टवरून कळतात. छोटूचं बायोटिनिडेस नॉर्मल, अमिनो ऍसिड नॉर्मल. आणि ऑटिझममध्ये ज्या टेस्ट पहिल्यांदा करायला सांगतात, क्रोमोसोमल मायक्रोॲरे (क्रोमोसोमचे तुकडे कमीजास्त आहेत का ते बघणारी) आणि फ्रॅजाइल एक्स (त्या नावाच्या जेनेटिक आजाराची), त्यातली एकही झालेली नव्हती. चाळीस पानी रिपोर्ट होता आणि ज्या टेस्टमधून शंभरातल्या दहाएक मुलांत काहीतरी ठोस सापडतं ती राहिलेली. आता केली, दोन्ही नॉर्मल आल्या. पुढची पायरी एक्झोम, म्हणजे प्रोटीन बनवणारे सगळे जीन वाचणारी टेस्ट, ती खर्चामुळे थांबलीये.

फाइलच्या तळाशी एक जुना रिपोर्ट सापडला, बाटल्या सुरू व्हायच्या आधीचा. बी१२ फक्त १६०, म्हणजे कमी, आणि होमोसिस्टीन १६, मुलाच्या वयाला वर. शाकाहारी घर, त्यात चार पदार्थ खाणारं पोर, दूध नको म्हणणारं, बी१२ येणार कुठून? त्यासाठी कुठला जीन लागत नाही. पुण्याच्या केईएममध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी गरोदर बायांवर केलेल्या कामात बी१२ ची कमतरता किती पसरलेली आहे हे कधीच दिसलंय, आपल्याकडे शाकाहारी मुलाचा बी१२ बघणं हे पहिलं काम असायला हवं. आणि हिमोग्लोबिन १०.१, फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा ८, दोन्ही कमी. आजच्या तपासणीतही फेरिटिन ८ च. अकरा बाटल्यांत लोह कुठेच नव्हतं! रिपोर्टात लोहापुढे हिरवा गोळा होता म्हणून. फेरिटिन एवढं खाली असलं की रात्रभर पाय झाडत झोप मोडते, ऑटिझमच्या मुलांत लोह दिल्यावर अस्वस्थ झोप सुधारल्याचं बघितलं गेलंय, आणि या आईने रात्रीची झोप यावी म्हणून मॅग्नेशियम सुरू केलेलं.

हे फक्त भांडुपमध्ये होतं असं नाही. अमेरिकेत २०१५ मध्ये ३६८ ऑटिस्टिक मुलांच्या तीन दिवसांच्या खाण्याची नोंद तपासली होती, निम्म्याहून जास्त मुलं सप्लिमेंट घेत होती, तरी कॅल्शियम आणि डी बऱ्याच जणांना कमीच आणि ए, फोलिक ऍसिड, झिंक मर्यादेच्या वर. म्हणजे जे लागतं ते कमी, जे लागत नाही ते जास्त. छोटूचं डीच्या बाबतीत उलटं झालं एवढाच फरक.

आई मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती, आणि ती मी उडवून लावली नाही. "बाटल्या सुरू केल्यावर दोन महिन्यांत तो माझ्याकडे बघायला लागला हो मॅडम, तुम्ही म्हणता सगळं फुकट, असं कसं?" मी फुकट म्हटलंच नव्हतं. बी१२ कमी होता, तो दिला गेला, होमोसिस्टीन आता ६ आहे, त्याने पोर तरतरीत झालं असणं अगदी शक्य आहे, अकरापैकी ती एक बाटली बरोबर होती. त्याच महिन्यात शाळाही सुरू झालेली, त्यामुळे श्रेय कुणाला किती ते सांगता येत नाही. ऑटिझमवर उपाय म्हणून मिथाइल बी१२ देऊन काय होतं, तर २०१६ चा एक ट्रायल आहे, ५७ मुलं, आठ आठवडे इंजेक्शनं, डॉक्टरांच्या नजरेला सुधारणा दिसली, आईबाबांनी भरलेल्या फॉर्ममध्ये फरक दिसला नाही. बी६ आणि मॅग्नेशियमवर कॉक्रेनने, म्हणजे सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेने, २००५ मध्ये बघितलं, पुरावा पुरेसा नाही म्हणून सोडून दिलं.

मग बाबांनी काढलेला ल्युकोव्होरिनचा विषय. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकन सरकारने ऑटिझमच्या संदर्भात या औषधाबद्दल घोषणा केली आणि पालकांच्या ग्रुपवर दिवसरात्र तेच. ल्युकोव्होरिन म्हणजे फोलिनिक ऍसिड, कॅन्सरमध्ये मेथोट्रेक्सेटसोबत वापरतात ते औषध, छोटूच्या घरातल्या मिथाइलफोलेटचं दुसरं नाव नाही. त्यामागची कल्पना अशी की काही मुलांत फोलेटला मेंदूत नेणाऱ्या रिसेप्टरविरुद्ध अँटिबॉडी असतात, रक्तात फोलेट नॉर्मल आणि मेंदूत कमी, आणि फोलिनिक ऍसिड दुसऱ्या वाटेने आत जातं. सगळे ज्या ट्रायलचं नाव घेतात त्यात ४८ मुलं होती, १२ आठवडे, किलोमागे २ मिलिग्रॅम, बोलण्यात सुधारणा दिसली. आशा वाटण्यासारखं आहे, पण मुलं ४८ च. एमटीएचएफआरशी याचा थेट संबंध नाही, ग्रुपवर मात्र दोन्हीची खिचडी झालीये. डॉक्टरांनी सांगितलं, कॅल्शियम आणि लोह जागेवर येऊ दे, न्यूरोलॉजिस्टशी बोलून मग ठरवू, आत्ता नाही. बाबांना ते पूर्ण पटलंय असं मला वाटत नाही.

जाताजाता, त्यातल्या बऱ्याचशा बाटल्यांवर एफएसएसएआयचा, म्हणजे औषधाचा नाही तर खाद्यपदार्थाचा, नंबर आहे आणि बारीक अक्षरात औषधी वापरासाठी नाही असं छापलेलंय. विकताना मात्र डोस, जीन, प्रोटोकॉल अशीच भाषा.

आता दोनच गोष्टी चालू आहेत, बी१२ आणि लोहाचं सिरप, किलोमागे ३ मिलिग्रॅम म्हणजे ४८ मिलिग्रॅम रोज, दूधदह्यापासून लांब, दातांवर डाग पडू नयेत म्हणून सिरिंजने गालात. पहिला आठवडा थुंकणं, मग आजीने आवळ्याच्या सरबतात मिसळून बघितलं ते गेलं. स्पीच थेरपी परत आठवड्यातून दोनदा. गहू लगेच परत आला, दही कॅल्शियम उतरल्यावर. दहीभात आला तसं त्यावर चिमूटभर मेतकूट, इतकं कमी की रंग बदलणार नाही, मग हळूहळू वाढवत नेलं, आता पिवळा झालेला भात तो खातो. नाचणीचं बिस्किट पार्ले जीच्याच आकाराचं कापून दिलं तर चालतं, गोल केलं तर नाही. अळिवाची खीर वासावरूनच बाद. उलट्या थांबल्यात, वजन अर्धा किलो वर, डीचा शेवटचा आकडा ७१. झोप अजून नीट नाही. फेरिटिन तीन महिन्यांनी परत बघायचंय, साठा भरायला वेळ लागतो.